मामा, बॉनव्हिल आणि सव्वातेराचा पाना

मामा इंग्लंडला आले ते नातवंडासाठी. खरं म्हणजे मामी आली होती, लेस्टरला लेकीच्या बाळंतपणाला; मामा तिच्यासोबत जादा सामानासारखे आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज चालवलेला माणूस. सकाळी नऊला शटर वर, रात्री नऊला खाली. असल्या माणसाला झोपलेल्या बाळाच्या घरात पाय न वाजवता बसायला सांगितल्यावर व्हायचं तेच झालं. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे नळ आणि दारांच्या बिजागऱ्या दुरुस्त केल्या. दुसऱ्या आठवड्यात मामीचा मला कोव्हेंट्रीला फोन आला, "ह्यांना कुठंतरी घेऊन जा रे बाबा. काल शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन उघडून बसले होते. न विचारता."

मला लगेच आठवली ती आमच्या गल्लीतल्या आजोबांची मोटरसायकल. १९६९ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी १२०, ६५० सीसी. आजोबा तरुणपणी मेरिडनच्या कारखान्यात फिटर होते. आता गुडघे किक मारू देत नाहीत, म्हणून दोन वर्षांपासून रविवारी तिला फिरवून आणायचं काम माझ्याकडे आहे. सहा दिवसांसाठी मागितली, तर विचार करायला त्यांनी तीन दिवस घेतले. मग कापडाच्या गुंडाळीतले पाने, ऑइलचा डबा आणि पेन्सिलीनं लिहिलेला एक कागद हातात दिला. कागदावर सात-आठ सूचना होत्या. एकीखाली दोन रेघा: दर पन्नास मैलांनी इंजिनाच्या डोक्यावरची चारही झाकणं बोटांनी चाचपावीत.

तेवढी एकच मी विसरलो.

पहिला दिवस : कोव्हेंट्री, मेरिडन, बिकेनहिल

बुलेट सुरू करणं मामांना झोपेतही जमतं. डीकॉम्प, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ, दाबायचा, अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू खाली न्यायची, सोडायची आणि मग एकच लाथ. बॉनव्हिलला डीकॉम्प नाही. तिचे सोपस्कार वेगळे. पेट्रोलचा कॉक उघडायचा. दोन आमल कार्ब्युरेटर, प्रत्येकाला एक बारकी कांडी. ती दाबून धरली की आतला फ्लोट बुडतो, चेंबर काठोकाठ भरतो आणि पेट्रोल बोटावर येतं. बोट ओलं झालं की पुरे. मग क्लच ओढून दोन-तीन पोकळ किका, कारण रात्रभरात क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटून बसतात. मग चावी. मग खरी किक.

"सत्यनारायणाला बी एवढं लागत न्हाई," मामा म्हणाले.

तिसऱ्या किकेला ती बोलली. दोन सिलिंडरचा तो आवाज बुलेटसारखा मोजता येत नाही. कुणीतरी जाड कापड सलग फाडत असल्यासारखा येतो. मामा काही बोलले नाहीत, फक्त वाकून सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, आधी डाव्या, मग उजव्या. दोन्हीकडचा दाब सारखा आहे का बघत होते. त्यांनी डोकं हलवलं तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. ह्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि पुढच्या दहा मिनिटांत ती लागलीही नाही.

मामांना एक चक्कर हवी होती. आजोबांनी मागच्या आवारात परवानगी दिली. गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला, हे बघून मामा खूश. जुन्या बुलेटचं तेच. पण बुलेटला पहिला वर आणि बाकी खाली. हिला पहिला खाली आणि बाकी वर. मामांनी पहिला बरोबर टाकला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं दुसऱ्यासाठी पाय पुन्हा खालीच दाबला. गाडी पहिल्यातच गुरगुरत कुंपणापर्यंत गेली. ब्रेकही नशिबानं आठवला. त्यानंतर सहा दिवस मामा मागे बसले.

इथं एक बरं आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि वार्षिक तपासणीही नाही. "म्हंजी म्हाताऱ्याला पासिंग माफ!" मामांना हे फार आवडलं. पेट्रोल पंपावरचं मात्र आवडलं नाही. साध्या पेट्रोलमध्ये इथं २०२१पासून दहा टक्के इथेनॉल असतं, म्हणून जुन्या गाड्यांचे मालक पाच टक्केवालं महाग पेट्रोल शोधत फिरतात. इथेनॉल रबर खातं आणि टाकीत पाणी धरतं. "पाच?" मामा म्हणाले, "आमच्याकडं ईस टक्के घालत्यात. आमी काय करावं मग?"

मेरिडन दहा किलोमीटरवर. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत कोव्हेंट्री शहर जळलं, त्यात ट्रायम्फचा शहरातला कारखानाही गेला. १९४२मध्ये नवा उभा राहिला तो इथं शेतांमध्ये. आज कारखान्याच्या जागी घरं आहेत. लाल विटांची, दारात एकेक मोटार, एखाद्या खिडकीत मांजर. कारखान्याचं उरलंय ते रस्त्यांच्या नावात: बॉनव्हिल क्लोज आणि डेटोना ड्राइव्ह. आम्ही बॉनव्हिलवरून बॉनव्हिल क्लोजमध्ये शिरलो. एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती, तिनं मानही वर केली नाही. आमच्यासारखे रोज येत असणार.

इथली गोष्ट मामांना सांगितली. १९७३मध्ये कारखाना बंद करायचं ठरलं, तेव्हा कामगारांनी फाटक अडवून आत ठाण मांडलं. दीड वर्षाच्या झगड्यानंतर सरकारी कर्ज मिळालं आणि १९७५मध्ये कामगारांची सहकारी संस्था ट्रायम्फ बनवू लागली. १९८३पर्यंत चालली.

"सहकारी?" मामा खाली उतरले. "म्हंजी आपल्या साखर कारखान्यागत?"

"तसंच काहीसं."

"चेअरमन कोण हुता?"

मला सांगता आलं नाही. "तितंच हाय सगळं," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

बिकेनहिलचं राष्ट्रीय मोटरसायकल संग्रहालय दुपारी गाठलं. हजाराहून जास्त गाड्या, सगळ्या ब्रिटिश. २००३च्या सप्टेंबरमध्ये इथं मोठी आग लागली आणि शेकडो गाड्यांचा कोळसा झाला. त्यातल्या कितीतरी पुन्हा उभ्या केल्या आहेत. मी फिरत राहिलो. मामा मात्र एका गाडीपुढे उकिडवे बसले ते अर्धा तास. एरियल स्क्वेअर फोर. चार सिलिंडर एका ओळीत नाहीत, चौरसात. पुढे दोन, मागे दोन, खाली दोन क्रँक एकमेकांना गिअरनं जोडलेले. एडवर्ड टर्नर ह्या माणसाची कल्पना, गाडी विकायला आली १९३१मध्ये. पुढे ट्रायम्फला जाऊन त्यानंच १९३७मध्ये स्पीड ट्विन आणली आणि आमची बॉनव्हिल तिचीच नात.

"वारं फुडच्या दोघास्नी," मामा बोटानं दाखवत होते. "मागची दोघं त्यांच्या सावलीत. आनि सावलीतलीच तापणार."

तेच झालं होतं. मागचे सिलिंडर तापतात ही स्क्वेअर फोरची जन्मभराची तक्रार. तरी ती १९५९पर्यंत विकली गेली.

एका कोपऱ्यात व्हेलोसेटची एलई होती, पोलिसांची. इतकी शांत, की चोराला ऐकूच येत नसे. पूर्वी शिपायानं अधिकाऱ्याला सलाम ठोकायचा असे. पण चालत्या गाडीवर हात सोडणं धोक्याचं, म्हणून नुसती मान हलवली तरी चालेल असं ठरलं म्हणे. लोक त्या गाडीला लहान मुलांच्या गोष्टीतल्या मान डोलावणाऱ्या नॉडीचं नाव देऊन बसले. इथले मोटरसायकलवाले आजही समोरून दुसरी मोटरसायकल आली की मान तिरकी करतात. हे मामांना मी आधी सांगितलं नव्हतं. सकाळपासून वीसेक जणांनी आम्हाला मान हलवली होती आणि प्रत्येक वेळी मागून प्रश्न येत होता, "ह्यो कोण? वळखीचा?"

दुसरा दिवस : बर्मिंगहॅम, रेडिच

सकाळी मामा माझ्याआधी खाली गेले होते. लॉजच्या पार्किंगमध्ये गाडीखाली रुपयाएवढा तेलाचा डाग पडला होता आणि मामा त्याच्याकडे असं बघत होते, जसं डॉक्टर जिभेकडे बघतो.

"गळतंय."

"मामा, ह्या गळतातच. इथं म्हणतात, खाली तेल नसेल तर समजा आतलं संपलं."

"असं कोण म्हणतंय? ज्याला गास्केट बसवाया येत न्हाई त्यो." मग त्यांनी मला नाश्त्याच्या टेबलावर दोन कप घेऊन समजावलं. डबा उभा कापून दोन अर्धे पुन्हा जोडले, तर सांधा तळापर्यंत जातो आणि तेल तळालाच असतं. आडवा कापला तर सांधा तेलाच्या वर राहतो. ब्रिटिशांनी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, उभा कापला. जपान्यांनी आडवा. आमची बॉनव्हिल ज्या वर्षी बनली, त्याच १९६९मध्ये होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० बाजारात आली: बटन स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक, खाली फरशी कोरडी. एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत कुणी कपांनी दाखवली नव्हती.

स्मॉल हीथमध्ये बीएसएचा पत्ता होता आर्मरी रोड. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली बंदुका बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. म्हणून बोधचिन्हात एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. १९५०च्या दशकात ही जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी म्हणवत असे. १९ नोव्हेंबर १९४०च्या रात्री इथं बॉम्ब पडले आणि रात्रपाळीतले ५३ कामगार गेले. आता शेड आहेत, टायरची दुकानं, मोटारी धुण्याची जागा. रस्त्यावर लेथवर लोखंड कापल्याचा वास येत होता. कुठून ते दिसलं नाही. मामा थांबले, "ह्यो वास आपल्या उद्यमनगरचा." खरंच होता. तेलात भिजलेल्या चुऱ्याचा वास कोल्हापुरात आणि बर्मिंगहॅममध्ये सारखाच असतो.

मग त्यांनी हिशोब मांडला. बीएसए आता कुणाची? महिंद्रांच्या घरातली. नॉर्टन? टीव्हीएसनं २०२०मध्ये घेतली, कारखाना इथंच सोलिहलला आहे. एनफिल्ड चेन्नईची. "मग हितं ऱ्हायलं काय?" मी म्हटलं, ट्रायम्फ आहे की, हिंकलीला. "ती बी चाकणला करत्यात म्हणं." त्यांना माहीत होतं तर. ४०० सीसीच्या ट्रायम्फ २०२३पासून बजाजकडे चाकणला बनतात.

पण मामांचं खरं लक्ष रेडिचकडे होतं. त्यांच्या वस्तादांकडे रेडिचचा शिक्का असलेली एक बुलेट होती आणि पोरांनी तिला पान्यानं हात लावायचा नाही, फक्त पुसायची, असा नियम होता. रेडिच हे नाव मामा तेव्हापासून जपून होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्करासाठी ३५०च्या बुलेट इथून गेल्या. १९५५पासून त्या मद्रासला जुळू लागल्या. रेडिचचा कारखाना १९६७मध्ये बंद पडला, मद्रासचा चालू राहिला, आणि १९७७पासून मद्रासच्या बुलेट इंग्लंडला विकायला येऊ लागल्या. सासरी गेलेली लेक माहेर बुडाल्यावर माहेरच्यांनाच धान्य पाठवते, तसं.

तिथं बघायला काय? औद्योगिक वसाहत, तिला एनफिल्डचं नाव, पत्र्याच्या शेड, एक लॉरी मागे घेतल्याचा टुकटुक आवाज. मामा पाच मिनिटं उभे राहिले. मला वाटलं काही बोलतील. ते म्हणाले, "भूक लागलीया."

खाल्ल्यावर मात्र एक बरी जागा सापडली. फोर्ज मिल, सुयांचं संग्रहालय. रेडिच एके काळी जगाच्या सुया बनवत असे आणि एनफिल्डचं मूळही तिथलंच: जॉर्ज टाउनसेंडचा सुयांचा कारखाना, तो सायकलींकडे वळला, सायकलींतून पुढे मोटरसायकली आल्या. "मेड लाइक अ गन" हे ब्रीद मिळालं ते एनफिल्ड गावच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचं काम मिळालं म्हणून. मामांनी दुकानातून मामीसाठी सुयांचं पाकीट घेतलं. "बुलेटच्या आज्ज्याची सुई," असं सांगून देणार होते.

तिसरा दिवस : फॉस वे

ह्या दिवसाबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण मामांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर आधीच लिहिलंय, त्यामुळे माझी बाजूही यायला हवी.

रेडिचहून दक्षिणेला कॉट्सवोल्डच्या टेकड्या लागतात. मधाच्या रंगाच्या दगडाची गावं, आणि स्टो-ऑन-द-वोल्डपासून पुढे फॉस वे: रोमन लोकांनी आखलेला सरळसोट रस्ता. हवा श्रावणासारखी, एका वळणावर ऊन, पुढच्यावर सर. बॉनव्हिलला हा रस्ता फार मानवतो. पन्नास मैलांवर चौथ्यात ती अशी काही रमते की हात आपोआप मूठ पिळत जातो. साठवर मात्र दुसरं रूप. दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. एकाचा धक्का दुसरा मारत नाही, वाढवतो. मुठी गुणगुणायला लागतात, आरशातल्या एका मोटारीच्या दोन होतात, दात एकमेकांना लागतात. नॉर्टननं १९६७मध्ये कमांडो ह्या गाडीत इंजिनच रबरावर बसवून ह्यातून वाट काढली. ट्रायम्फ स्वारांनी काय केलं? सवय करून घेतली.

स्टो सोडून वीस मिनिटं झाली असतील. आधी वास आला, गरम तेलाचा. मग उजव्या मांडीला ऊब. मग मागून मामांचा आवाज, एकदम शांत: "थांब. माझी विजार गेली."

रस्त्याकडेला गवतात गाडी लावली. उजवीकडचं पुढचं झाकण नव्हतं. इंजिनाच्या डोक्यावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, तपासायला चार भोकं असतात, त्यांवर आट्यांची चार झाकणं. थरथरीनं ती सैल होतात आणि सैल झालेलं झाकण घरंगळून जातं. ट्रायम्फवाल्यांमध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं. आजोबांनी लिहून दिलं होतं, खाली दोन रेघा मारून. मी रेडिचपासून एकदाही हात लावला नव्हता.

"कागदावर काय लिवलंय?" मामांनी विचारलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण दोन रेघा दिसल्या होत्या. मी वाचून दाखवलं. ते काही म्हणाले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

दोन किलोमीटर मागे चालत गेलो. एका बाजूनं मी, एका बाजूनं मामा, नजर जमिनीवर. मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या. झाकण सापडलं नाही. परत येऊन मामांनी उरलेली तीन हातानं घट्ट केली आणि मग सगळी गाडी चाचपत गेले. मागच्या मडगार्डचा एक बोल्ट ढिला होता. लेस्टरच्या बाजारातून घेतलेला मेट्रिक पान्यांचा संच त्यांनी खिशातून काढला. तेराचा पाना बोल्टवर जाईना. चौदाचा गेला, पण गोल फिरला. पुन्हा तेरा. पुन्हा चौदा. बोल्टाकडे, पान्याकडे, माझ्याकडे.

"ह्यो सव्वातेराचा हाय का काय?"

जवळजवळ तसाच. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१मध्ये स्क्रूचे आटे ठरवून दिले, पंचावन्न अंशांचे. कारखान्या-कारखान्याचा वेगळा स्क्रू हा प्रकार त्यानं संपवला. पण त्याच्या पान्यांवर लिहिलेलं माप बोल्टाच्या डोक्याचं नसतं, दांड्याचं असतं. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड १३.३ मिलिमीटर भरतं. त्यात १९६९ हे बदलाचं वर्ष. जुने आटे जाऊन अमेरिकन पद्धतीचे येत होते, पण सगळे एकदम नाही. त्यामुळे शेजारच्याच अर्ध्या इंचाच्या बोल्टावर तेराचा पाना जरासा हलत का होईना, बसला. एकाच गाडीवर दोन-तीन घराण्यांचे आटे. मामांनी आजोबांची गुंडाळी उलगडली, त्यातला काळपट पडलेला पाना काढला आणि तो बोल्टवर असा बसला की कुलपात चावी. त्यांनी तो फिरवला नाही लगेच. थोडा वेळ नुसता धरून ठेवला.

भोक बुजवायला काय? चिंधी तेल शोषते, प्लॅस्टिक वितळतं. "बूच बग," मामा म्हणाले. "दारूच्या बाटलीचं. फुगीर असतंय त्ये." चालण्याच्या वेगानं पुढच्या गावातलं पब गाठलं, मामांच्या रुमालानं भोक दाबून. मालकाला मी समजावलं. तो आत गेला आणि मूठभर बुचं घेऊन आला. मामांनी फेसाळ वाइनचं एक निवडलं, चाकूनं कडेनं तासलं, दोनदा लावून पाहिलं, तिसऱ्यांदा तळव्यानं ठोकून बसवलं. वरून तार, तार मागच्या नटाला. तेल भरलं. मालक, त्याची बायको, दोन गिऱ्हाइकं आणि एक कुत्रा हे सगळं बाहेर येऊन बघत होते. किक मारल्यावर कुत्रा पळाला, बूच राहिलं.

चाळीस मैलांच्या वर जायचं नाही ह्या अटीवर पुढचा प्रवास. मागे बसून मामा बोलत होते, सायलेन्सरवर आवाज चढवून. "बैलाला आजार असतोय आनि खोड असती. आजाराला डाक्टर. खोड मालकानं वळखायची. म्हाताऱ्यानं लिवून दिलं हुतं तुला."

मला तेव्हा राग आला होता. पण खोड आणि बिघाड हा फरक तेव्हापासून डोक्यात आहे. ल्युकास कंपनीच्या विजेच्या सामानाला इथले लोक अंधाराचा राजपुत्र म्हणतात, त्यावर विनोदांची पोतीच आहेत. त्यातल्या निम्म्या अंधाराचं कारण अर्थिंगचा गंजलेला नट असतो, आणि तो घासायचं काम मालकाचं असतं.

रात्री ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन. ह्या गावाजवळ वेस्टवूडला दगडाच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली, एनफिल्डचा युद्धकाळातला कारखाना होता. रेडिच बंद झाल्यावर एनफिल्डच्या शेवटच्या इंटरसेप्टर मोटरसायकली तिथंच बनल्या, १९७०पर्यंत. बाहेरून झाडी दिसते. मामा इतके दमले होते की त्यांनी झाडीलाच नमस्कार केला.

चौथा दिवस : न्यू मिल्टन

पाऊस. सॉल्सबरीपर्यंत मुसळधार. चर्चचा १२३ मीटरचा कळस ढगात अर्धा बुडालेला. पुढच्या ड्रम ब्रेकला पाण्यात पहिली दोन सेकंदं काही सुचत नाही. ती दोन सेकंदं आधीच हिशोबात धरायची. न्यू फॉरेस्टमध्ये घोडे रस्त्यावर मोकळे उभे. "हितं बी मोकाट जनावरं?" मामांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

सॅमी मिलर हे ट्रायल्सचे, म्हणजे खडकाळ अडथळ्यांवरून पाय न टेकता गाडी नेण्याच्या स्पर्धांचे, अकरा वेळचे ब्रिटिश विजेते. न्यू मिल्टनला त्यांचं संग्रहालय आहे. बिकेनहिलला गाड्या रांगेत उभ्या असतात; इथं त्या नुकत्याच चालवून आणून ठेवल्यासारख्या वाटतात. आम्ही मात्र ओले, आणि मामांना जुना खोकला. लवकर झोपलो. झाकणं चाचपली: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बूचही.

पाचवा दिवस : लंडन

ऊन आलं. सगळं माफ.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे १९३८चा. ट्रकवाल्यांसाठी रात्रंदिवस उघडा असायचा. १९५०-६०च्या दशकांत कातडी जाकिटातली पोरं इथं जमायची आणि रस्त्यावर ताशी शंभर मैल गाठायची. त्यांच्यातूनच ट्रायटन निघाली: नॉर्टनची फ्रेम आणि तीत ट्रायम्फचं इंजिन. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम रस्त्याला घट्ट धरायची, ट्रायम्फचं इंजिन पळायचं. दोन कंपन्यांना जमलं नाही ते पोरांनी घरामागच्या शेडमध्ये जमवलं. १९६९ला कॅफे बंद झाला, २००१मध्ये पुन्हा उघडला.

आवारात पन्नासेक गाड्या. बुचामुळे आमच्याभोवती गर्दी झाली. एकानं फोटो काढला, दुसऱ्यानं त्याच्या काकांनी बटाटा लावला होता असं सांगितलं. मामांना इंग्रजी येत नाही म्हणून कुणी थांबलं नाही. बोटं दाखवायची, माना हलवायच्या. शेजारी ट्रायम्फचीच एक नवीकोरी स्पीड ४०० उभी होती, चाकणला बनलेली. मामा तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मग खाली वाकून दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली बघितलं. आमच्या खाली तीन थेंब. चाकणवालीखाली काही नाही.

"काम ब्येस केलंय आपल्या पोरांनी," ते म्हणाले आणि पुन्हा आमच्या गाडीशी जाऊन बसले.

संध्याकाळी वेंबलीच्या ईलिंग रोडवर वडापाव. चटणी गोड होती, त्यावर मामांचं भाषण झालं, ते इथं देत नाही. रात्री डॉलिस हिलला एका मित्राकडे. जाताना महाराष्ट्र मंडळाची इमारत दाखवली, मंडळ १९३२चं. "म्हंजी पयल्या बुलेटच्या सालातलं," मामांनी लगेच ताडलं. बरोबर आहे. बुलेट हे नावही १९३२चंच.

सहावा दिवस : परत

दीडशे किलोमीटर, एकही घटना नाही. बॉनव्हिलनं असा दिवस दिला की उलट संशय येतो.

आजोबा दारातच होते. त्यांची नजर थेट बुचावर गेली. मी माफी मागायची जुळवाजुळव करत होतो, तोवर ते आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात झाकणं होती, सहा. "एकच पडलं?" त्यांनी विचारलं. मग बूच हळूच काढून उलटसुलट करून पाहिलं, आणि मामांकडे बघून मान तिरकी केली. मामांनीही केली. मामांनी डब्यातलं एक झाकण उचललं आणि खुणेनं मागितलं. आजोबांनी दिलं.

जुलैत मामा परतले. ऑगस्टमध्ये उद्यमनगरहून पार्सल आलं: पितळेची चार झाकणं, लेथवर कातलेली, आटे नमुन्याबरहुकूम, वर षटकोनी डोकं आणि तार ओवायला बारीक भोक. पुन्हा कधी पडणार नाहीत अशी. आजोबांनी चष्मा लावला, एक बोटांनी फिरवून बसवलं, आणि घट्ट करायला गुंडाळीतले पाने एकेक करून लावून पाहिले. एकही बसेना.

"काय मापाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"चोवीस."

"चोवीस काय?"